एकच चढाई

१५ जानेवारी २०२६, रात्री अकरा

प्रिय लंब्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी बाजार समितीत सोयाबीनच्या काट्यापाशी उभा होतो. संध्याकाळी करतो म्हणालो आणि केला नाही. मग तुझा वाढदिवस गेला, तोही तसाच. राग धरू नको. आई बरी आहे, शुगर आहे तेवढीच आहे. माझी पाठ वेचणीच्या दिवसांत दुखली, आता ठीक. तूर सोंगून झाली. काल संक्रांत झाली, तिळगूळ तुझ्या वाटचाही मीच खाल्ला.

आज फोन न करता लिहायला बसलो, कारण फोनवर तू मध्येच काहीतरी बोलून हसवतोस आणि सांगायचं राहून जातं. हे मला सलग सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, मास्तर, यात वाईट काय झालं? सगळं तर चांगलंच झालं!

गेल्या रविवारी कबड्डीची कुमार गटाची जिल्हा स्पर्धा झाली. आपल्या मंडळाचा संघ मीच घेऊन गेलो होतो. गिरणीवाल्या मावशीचा बारक्या आता बारक्या राहिला नाही रे. सतरावं लागलं. दोन वर्षांत बोटबोट करत तुझ्या कानाला लागेल एवढा झाला. त्याची चढाई तू पाहायला पाहिजे. मधल्या रेषेपाशी नुसता रेंगाळतो, वाटतं हा गडी भ्यायला, आणि कोपऱ्याची साखळी सुटली की पुढचा पाय जादा गुणाच्या बोनस रेषेच्या पलीकडे, मागचा हवेत, पंच बोट वर करेपर्यंत हा परत आलेला असतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही. मी तर नाहीच, मला माझ्या काळातही बोनस घेता येत नव्हता, तुला माहीत आहे.

आदल्या दिवशी, शनिवारी, रेशन दुकानाच्या काट्यावर त्याचं वजन केलं. कुमार गटाच्या मर्यादेपेक्षा सव्वादोन किलो जास्त. पोरगं वाढून राहिलं, हाडापेरात भरून राहिलं, तर वजन वाढणारच. तरी मी काय केलं? म्हणालो, रात्री जेवू नको, पाणी घोटभरच घे. पहाटे पाचला त्याला दोन स्वेटर आणि वरून माझा रेनकोट घालून कालव्याच्या रस्त्यानं पळवलं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. त्याच्या तोंडून शब्दच निघत नव्हता. वाटेत थांबून थांबून थुंकत होता, तेवढंच वजन उतरतं म्हणून. तेही मीच सांगितलं होतं. मैदानावरच्या काट्यावर तो बसला तेव्हा मर्यादेला शंभर ग्रॅम बाकी होते. आमच्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दोन सामने निघाले. वजन झाल्यावर दोन केळी आणि ग्लुकोज दिलं होतं, पण रात्रीपासून आटलेलं पाणी अंगात एवढ्या लवकर परत येत नाही. तिसऱ्यात, म्हणजे उपांत्य सामन्यात, पाच मिनिटं उरली असताना तो पकडीतून मागं आला आणि आमच्या अंगणात येऊन बसला तो उठेचना. दोन्ही पोटऱ्यांत गोळे. ओठ पांढरे पडलेले, वरच्या ओठाला मिठाची कड. मी टाइम आउट मागितला, आत गेलो, त्याचा पाय मांडीवर घेऊन पंजा मागं दाबला. पोटरी हाताला दगडासारखी लागत होती. आपण तीन गुणांनी मागं. दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, पुढची करो या मरो, गुण नाही तर गडी बाद. राखीव गडी बाहेर उभा होता, शर्ट काढून तयार. मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी बारक्याच्या कानाशी म्हणालो, "एकच चढाई कर बाप्पा. मंग बस."

लंब्या, शब्द तेच. १९९६ ला पुसदला मी तुझ्या गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळत होतो, दुखू नये म्हणून कचकून आवळत होतो, आणि हेच शब्द बोललो होतो. तोंडातून निघाले तेव्हाच मला ऐकू आले, जसं कुणी मागून बोललं. पण मी ते परत घेतले नाहीत. तो उठला, गेला, कोपऱ्याचा आणि त्याच्या शेजारचा कव्हरचा, दोन्ही गड्यांना हात लावून आला. पुढचं सांगत नाही, जिंकलो. पोट्ट्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. मावशीनं गावात आल्यावर त्याची दृष्ट काढली. जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव आलं, आणि तीन आठवड्यांनी विदर्भाच्या संघासाठी निवड आहे.

त्याला काही झालं नाही. म्हणूनच तर मला चार रात्री झोप नाही. त्याचा पाय मोडला असता तर गावानं मला धरलं असतं आणि ते बरोबर झालं असतं. आता जो तो पाठ थोपटून राहिला. सरपंचानं चौकात फलक लावला, त्यावर माझाही फोटो आहे.

तुझ्या गुडघ्याचा आवाज मला आठवतो. वाळली पऱ्हाटी मोडावी तसा. आणि त्यानंतर आठ दिवसांनी विदर्भाच्या शिबिराचं पत्र आलं ते पोस्टमननं माझ्याच हातात दिलं होतं, तू नागपूरला दवाखान्यात होतास. मी ते दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगतो. तीस वर्षांत तू मला त्या सामन्यावरून एक शब्द बोलला नाहीस. भांडलास ते सगळं दुसऱ्याच गोष्टींवरून. विहिरीच्या मोटरवरून, माझ्या लग्नात तुला पंगतीत उशिरा बसवलं त्यावरून, आणि २०१८ ला तर जकार्तावरून चार महिने अबोला धरलास!

त्या भांडणात तूच बरोबर होतास असं मी मानणार नाही, अजूनही नाही. १९९० पासून आशियाई खेळांतलं पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण आपलं, आणि जकार्तात उपांत्य सामन्यात इराणनं २७-१८ नं घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मुलीही २७-२४ नं हरल्या. तू म्हणालास, प्रो कबड्डी लीगनं इराणी पोरांना आपल्याच खर्चानं शिकवलं. मी म्हणालो, शिकवलं तर शिकवलं, त्यांच्या मुलींना सुवर्णापर्यंत नेणाऱ्या शैलजा जैन आपल्या नाशिकच्या, मग आपलं ज्ञान आपल्या मैदानावर का दिसलं नाही ते विचार. तू फोन ठेवलास. तेव्हा आपण दोघंही बारा माणसांच्या संघावर भांडत होतो. त्या बाराच्या खाली जी हजारो पोट्टी आहेत त्यांच्यावर एक मिनिटही बोललो नाही.

टपरीवर आजही तेच. येत्या सप्टेंबरात जपानमध्ये आयची-नागोयाला आशियाई खेळ आहेत, म्हणून भारताचा संघ तिथं रोज सकाळी निवडला जातो. टेलरकाकांना पवन सेहरावतशिवाय संघच दिसत नाही. २०२३ ला हांगझोऊत अखेरच्या टप्प्यातल्या एका चढाईच्या नियमावरून सामना अडला, वाद मिटेना, आणि शेवटी आपण इराणला ३३-२९ नं हरवलं, ते काका अजून उभं राहून सांगतात. पोट्टी म्हणतात, काका, ते झालं, आता अयान लोहचब पाहा, देवांक पाहा, त्यानं लीगच्या अकराव्या हंगामात तीनशेवर गुण नुसत्या चढाईत घेतले. गुरुजी मात्र एकच गोष्ट धरून बसले आहेत, की विदर्भाचा गडी का नाही. हांगझोऊच्या संघात नगरचा अस्लम इनामदार होता, नाशिकचा आकाश शिंदे होता, आपल्याकडचं कोण? आणि मग बर्लिन येतंच. १९३६ ला ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी जर्मनीत कबड्डी खेळून दाखवली, जगानं हा खेळ पाहिला तो वऱ्हाडातल्या पायांनी. गुरुजींचा आवाज तिथं भरून येतो. तू म्हणशील ते नुसतं प्रदर्शन होतं. असू दे. मला अजून अंगावर काटा येतो.

पण परवा मी तिथं पहिल्यांदा चिडलो. म्हणालो, गुरुजी, विदर्भ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राहून वेगळा उतरतो. म्हणजे आपल्या पोराला कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या पोरांना मागं टाकून मग संघात यावं लागत नाही, वाट उलट सोपी आहे. तरी वर कुणी जात नसेल तर हरयाणाला शिव्या देऊन काय होते? आपली पोट्टी दिवाळी ते होळी गावोगावच्या खुल्या सामन्यांत खेळतात, रात्री दोनला ट्रॅक्टरच्या उजेडात, मुरमाच्या मैदानावर, बक्षिसाच्या पैशासाठी. मॅट त्यांना थेट निवडीच्या दिवशी दिसते. माती पाय घसरू देते, मॅट धरून ठेवते, आणि गुडघा तिथंच जातो. चौदाव्या वर्षी जो पळतो त्याला आपण मोठ्या पोरांत खेळवतो, आणि सतराव्या वर्षी जो वाढतो त्याला उपाशी ठेवून लहान पोरांत खेळवतो. सगळे गप्प बसले. टेलरकाका म्हणाले, "मास्तर, तुम्हीच तं आणलं त्याले जिंकून, आता कायले तापून राह्यले?"

काय उत्तर देणार?

अस्लमचाच गुडघा अकराव्या हंगामात गेला. तो बसला, बरा झाला, आणि बाराव्यात पुण्याच्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. दिल्लीनं ३१-२८ नं घेतला तो सामना, पण गडी दोन्ही पायांवर उभा होता. त्याच्या मागं डॉक्टर होते, फिजिओ होते, करार होता. तुझ्यामागं मी होतो.

आता खरा घोर. विदर्भाच्या निवडीला परत वजन होणार. परत तेवढंच, कदाचित अडीच किलो, कारण पोरगं थांबणार नाही. मी म्हणतो, यंदा कुमार गट सोडून दे, पोटभर जेव, वर्षभर पायाचा आणि कमरेचा व्यायाम कर, पुढल्या साली पुरुष गटात उतर. पण कुमार गटात राष्ट्रीय खेळला तर प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत पाच टक्के आरक्षणाची वाट. मावशीच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे आणि बाप नाही. मी कोणत्या तोंडानं म्हणू की सोड? आणि बारक्याला कोण समजावणार! त्याला स्वतःच्या बारावीच्या फॉर्मचा नंबर माहीत नाही, पण पुण्याच्या संघानं इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं हे पाठ आहे. काल भाकरीचा तुकडा ताटात ठेवून उठला. मावशी म्हणाली, "जेवत नाई रे पोट्टा, तूच सांग त्याले." मी सांगितलं. तर म्हणाला, "सर, तुमीच तं शिकवलं, कसं उतरवायचं ते."

रविवारी आर्णीकडच्या खुल्या सामन्यांतून मी त्याचं नाव काढून टाकलं. मंडळातली पोरं माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील. ते एक मला जमलं, बाकी निवडीचं काय करायचं ते ठरत नाही. चाकणला तुझ्या कंपनीच्या संघाचा जो प्रशिक्षक आहे, त्याला विचारशील का, की वाढत्या पोराचं वजन असं उतरवलं तर पुढं काय होते, आणि पुरुष गटातून थेट वर जाता येते का? मला चांगलं वाटावं म्हणून विचारू नको, खरं काय ते विचार.

तुझं काय चाललं? वहिनींची बदली झाली का? मुलीला कॉलेज लांब पडते म्हणत होतास, गाडी घेऊन दिली असेल तर हेल्मेटशिवाय सोडू नको. हप्ते संपले का घराचे? चाळीस किलो तूर ठेवली आहे तुझ्यासाठी, डाळ करून पाठवतो, मागच्या वेळेसारखी शेजाऱ्यांत वाटून मोकळा होऊ नको.

एक कर माझ्यासाठी. या रविवारी सकाळी दहाला मी बारक्याला घरी बोलावतो. तू व्हिडिओ कॉल लाव. माझं तो ऐकतो, तीच अडचण आहे; मी उठ म्हणालो की तो उठतो. तू त्याला उपदेश करू नको, पुसदचा सामना सांग, पहिल्यापासून, मी काय बोललो त्यासकट. मी तिथंच बसलेला असेन. आणि त्या दिवशी हाफ पँट घालून बस, त्याला गुडघा दाखव.

तुझा,
डावा कोपरा