शुक्रवारच्या शास्त्राभ्यासाची आठवण

प्रभूमध्ये प्रिय बंधू-भगिनींनो, जय ख्रिस्त.

या शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता चर्चच्या मागच्या हॉलमध्ये शास्त्राभ्यास आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा २२वा अध्याय घरून वाचून या. तिसऱ्या वचनापाशी जरा थांबा. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, होमासाठी लाकडं फोडतो. देवाच्या आज्ञेवरून पोटच्या मुलाला अर्पण करायला निघालेला बाप, आणि सरपणाची तयारी करतोय! पुढे जिथे अर्पण करायचं ते मोरियाचं ठिकाण दिसतं ते तिसऱ्या दिवशी. त्या वाटेवर त्याच्या मनात काय चाललं असेल, यावर मला तुम्हा सगळ्यांचं ऐकायचं आहे.

सोबत पंडिता रमाबाईंविषयी बोलू. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आपल्याच माणसांचा रोष ओढवून घेतला. उतारवयात, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ मध्ये.

उपवासकाळात चहा-नाश्त्याचे वाचवलेले पैसे बंद पाकिटात आणा, पाकिटावर नाव नको. ते या वेळी एका विद्यार्थिनीच्या फीसाठी आहेत.

ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांनी ओढाताण करून येऊ नये. फक्त निरोप द्या, रविवारी उपासनेनंतर आम्हीच प्रार्थनेला घरी येतो.