खासदारांच्या हजेरीचे टक्के पुरे, प्रश्न आणि उत्तर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अधिवेशन संपलं की पेपरात राज्यातल्या खासदारांचा तक्ता येतो, हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, भाषणं इतकी, मग पहिला कोण आणि शेवटचा कोण. पण एवढ्यावरून खासदाराचं काम अजिबात कळत नाही. हजेरी म्हणजे त्या दिवशी हजेरीची नोंद झाली इतकंच, पुढे माणूस सभागृहात किती वेळ बसला ते त्यात येत नाही. मंत्री तर हजेरीच लावत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, तरी त्यांच्या नावापुढची रिकामी जागा बघून लोक वाट्टेल ते बोलतात, हे बरोबर नाही.

प्रश्नांचंही तेच. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० पर्यंत अतारांकित प्रश्न लागतात. तारांकितला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर पुरवणी प्रश्न विचारता येतो, खासदाराने किती अभ्यास केलाय ते खरं तिथेच दिसतं, पण प्रश्नोत्तराच्या तासाभरात थोडेच प्रश्न होतात आणि उरलेल्यांची उत्तरं लेखी, अतारांकितची तर लेखीच असतात. शिवाय सारखे प्रश्न एकत्र करतात त्यामुळे एका प्रश्नावर कधी कधी चार-पाच खासदारांची नावं असतात आणि तो प्रत्येकाच्याच नावावर मोजला जातो.

संसदेच्या साईटवर खासदाराचं नाव टाकून उत्तराची एखादी पीडीएफ उघडून बघा. प्रश्नाचे अनेक भाग असतात आणि बऱ्याचदा सगळ्या भागांना मिळून एकच उत्तर, त्यात योजना कधी सुरू झाली, उद्देश काय, शेवटी राज्यवार तक्ता, आणि जिल्ह्यात काम का अडलं हे विचारलेलं असतं ते तसंच राहतं. कधी लिहितात की माहिती गोळा करून सभागृहासमोर ठेवू. हे आश्वासन धरलं जातं, ३ महिन्यांत पूर्ण करायचं असतं, त्यासाठी संसदेची वेगळी समितीसुद्धा आहे. पण पुढे त्याचं काय झालं याची बातमी कुठेच दिसत नाही!

मोबाईलवर फिरतात त्या क्लिप बहुतेक शून्य प्रहराच्या, म्हणजे खासदार तातडीचे विषय मांडतात त्या वेळेतल्या. तिथे मंत्र्याने लगेच उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही, त्यामुळे आवाज चढवून बोललेलं तेवढं दिसतं. स्थायी समितीत, म्हणजे खात्यांचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या समितीत, विधेयकावर आणि खात्याच्या खर्चावर बारकाईने काम होतं पण त्या बैठका बंद दाराआड, तिथे मेहनत घेणारा खासदार लोकांना माहीतच होत नाही, निदान समित्यांचे अहवाल तरी कुणीतरी वाचून सांगायला हवेत.

साईटवरची लेखी उत्तरं इंग्रजीत आणि हिंदीत असतात, मराठीत नसतात. म्हणून आपल्याला कळकळीची विनंती आहे की अधिवेशन चालू असताना आठवड्यातून एकदा तरी अर्धं पान द्या, राज्यातले लोकसभेचे ४८ आणि राज्यसभेचे १९ खासदार आळीपाळीने घ्या, प्रत्येकाचा एक प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर पूर्ण मराठीत छापा, आणि आश्वासन मिळालं असेल तर ३ महिन्यांनी त्याच खासदाराला आणि त्याच खात्याला परत विचारून तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक