काका, अँप्लिफायर घेतला नाही

रामबागेतल्या काकांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि तोंडावर आभार मानले की "बस, बस" म्हणून उठता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

बाबांची ती अमीर खाँसाहेबांची एलपी तबकडी, एका बाजूला मारवा राग, दुसरीला दरबारी. मारव्याचं संथ विलंबित स्वच्छ; बाजूच्या शेवटी जलद द्रुत आली की ताना फाटायच्या. दुकानदाराने तबकडी न ऐकताच निकाल दिला, अँप्लिफायर गेलाय. अकरा हजारांचा नवा ठरवूनही आलो होतो मी.

तुम्ही आलात, पण पेचकस काढलाच नाहीत. खुर्ची ओढून अख्खी बाजू ऐकलीत. मग विचारलंत, "शेवटीच फाटतो ना? दोन्हीकडे सारखा?" उजवीकडे जास्त होता. रेकॉर्ड प्लेअरकडून अँप्लिफायरमागे येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरी तुम्ही अदलाबदल केल्यात, तर फाटका आवाज डावीकडे गेला! "म्हणजे हा बिचारा निर्दोष. रोग त्याच्या अलीकडे." अकरा हजार वाचले ते इथेच.

भिंगाखाली सुईला धुळीचा बोळा दिसला. ब्रशने मागून पुढे काढलात, थोडाच फरक. मग सुईचा तबकडीवरचा भार मोजायचा तो चिमुकला वजनकाटा. १.१ ग्रॅम! आमच्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीला, हवेत २. हा उद्योग माझाच. जुनी तबकडी झिजू नये म्हणून वजन मीच कमी केलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. "हलकी सुई खोबणीत बसत नाही, उड्या मारते. आणि उड्या मारणारीच भिंती खरवडते."

पण शेवटीच का, हे तुम्ही चहाच्या बशीवर बोट फिरवून समजावलंत. फेरे तेच, मिनिटाला ३३⅓. पण बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खोबण सुईखालून सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. तिथे सैल सुई हरणारच. त्यात अँटिस्केटिंग, म्हणजे सुईचा दांडा आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण, शून्यावर; म्हणून सुई आतल्या भिंतीला रेललेली आणि उजवा आवाज ज्या बाहेरच्या भिंतीत असतो तिथली पकड सुटलेली. "तू इंजिनिअर ना?" असं तुम्ही मुद्दाम विचारलं नाहीत याचेही आभार.

वजन २ केलंत, अँटिस्केटिंग लावलंत, कागदी मापावर कार्ट्रिज केसभर वळवलंत. आता द्रुत मोकळी ऐकू येते. अगदी शेवटी खरखर उरलीच आहे. ती माझ्या हलक्या सुईने कोरलेली, जायची नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. दरबारीची बाजू मी फारशी लावली नव्हती, ती वाचली.

रविवारी जेवायलाच या. दरबारी रात्री लावू. तुमचं भिंगही इथेच राहिलंय.