यंत्राचे बटण कोणाला समजावून सांगायचे?

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

जाहिरातींमधील स्त्री आता बदलली आहे, अशा आशयाचा लेख आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखातील उदाहरणे खरी आहेत आणि त्यामागचा आनंदही मला समजतो. परंतु सांगलीत गेली 19 वर्षे आम्ही पती-पत्नी घरगुती उपकरणांचे दुकान चालवत आहोत आणि जाहिरात पाहून आलेले गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढल्यावर काय करते, हे मी रोज पाहते. त्या अनुभवावरून लेखाचा निष्कर्ष मला घाईचा वाटला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी एक जोडपे वॉशिंग मशीन घ्यायला आले होते. दोघेही नोकरी करणारे. हप्ता किती बसेल, जुने मशीन एक्स्चेंजमध्ये कितीला जाईल, वीज किती लागेल, हे सगळे प्रश्न नवऱ्याने विचारले आणि ते नेमके होते. मग आमच्या मुलाने डेमो सुरू केला. पावडर कुठल्या खणात घालायची, सुती कपड्यांना कोणता प्रोग्रॅम लावायचा, गाळणी कधी साफ करायची, हे सांगण्याची वेळ आली तसे ते गृहस्थ दोन पावले मागे सरकले, "हे हिला सांगा," म्हणाले आणि समोरच्या भिंतीवरचे टीव्ही पाहू लागले. बिल त्यांच्या नावावर झाले, वॉरंटी कार्डावर मोबाईल नंबरही त्यांचाच लागला. पुढे मशीनमधले पाणी बाहेर जाईना, तेव्हा मेकॅनिकने त्या नंबरवर फोन केला. पण पाणी भरत नाही की भरलेले उतरत नाही, एवढेही त्यांना सांगता येईना. शेवटी त्यांनी बायकोचा नंबर दिला आणि तिने कार्यालयातले काम बाजूला ठेवून सगळे सांगितले. हे इतक्या घरांच्या बाबतीत घडते की आमचा मेकॅनिक आता कार्डावर आधीच दोन नंबर लिहून घेतो, एक बिलासाठी आणि एक मशीनसाठी.

तो गृहस्थ वाईट नव्हता. बायकोचे कष्ट कमी व्हावेत म्हणूनच तो पैसे मोजत होता. मशीन आपणही लावायचे असते, हे मात्र त्याला तोवर कोणी सांगितलेले नव्हते, आणि न सांगणाऱ्यांत जाहिरातदार पहिल्या रांगेत आहेत. कंपन्यांकडून आमच्याकडे जे फलक आणि माणसाच्या उंचीचे कटआउट येतात, त्यांत वॉशिंग मशीनवर, मिक्सरवर, शेगडीवर हात ठेवून उभी असते ती बाई. टीव्ही आणि एसीच्या फलकावर बहुधा सगळे कुटुंब सोफ्यावर बसलेले असते आणि इन्व्हर्टरच्या शेजारी पुरुष असतो. विश्रांतीची वस्तू सगळ्यांची आणि कामाची वस्तू बाईची, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की दुकान लावताना पहिली कित्येक वर्षे ती माझ्याही लक्षात आली नव्हती.

जाहिरातींनी काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. 1984 मध्ये निरमाच्या स्वस्त पावडरीशी टक्कर देण्यासाठी सर्फने ललिताजींना पडद्यावर आणले. कविता चौधरी यांनी उभी केलेली ती ठाम, हिशेबी बाई माझ्या आईला फार आवडायची, कारण तोवर जाहिरातीतली बाई लाजत किंवा हसत असे आणि ही बाई किंमत आणि दर्जा यांचा विचार करून बोलत होती. तरीही पावडर घेण्याची अक्कल आणि कपडे धुण्याचे काम या दोन्ही गोष्टी तिच्याच पदरात होत्या.

आपल्या लेखात ज्या मोहिमेचे सर्वाधिक कौतुक आहे, ती एरियलची 'शेअर द लोड' मोहीम 2015 मध्ये सुरू झाली. कपडे धुणे हे फक्त बाईचेच काम आहे का, हा प्रश्न एका साबणाच्या कंपनीने विचारावा, ही साधी गोष्ट नव्हती. तिच्यातला 2016 चा जाहिरातपट मी दुकानातल्या टीव्हीवर कितीदा पाहिला असेल. कामावरून आलेली मुलगी घरातले सगळे एकटी करते, हे पाहणारा बाप तिला पत्र लिहितो, आपणच चुकीचा धडा घालून दिला याची माफी मागतो आणि घरी गेल्यावर स्वतःचे कपडे धुवायला घेतो. त्या बापाचे डोळे खरे वाटतात. 2019 मध्ये त्याच मोहिमेने मुलाला कपडे धुवायला शिकवणारी आई दाखवली, तेही योग्यच होते. माझी अडचण एवढीच आहे की असे जाहिरातपट समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांच्यावर लेख येतात, त्यांना पारितोषिके मिळतात. आणि रोज संध्याकाळी मालिकांच्या मध्ये लागणाऱ्या वीस-तीस सेकंदांच्या जाहिरातींत मात्र मूल चिखलाने माखून आले की दारात अजूनही आईच उभी असते. आमच्या गिऱ्हाइकाने वर्षभरात पश्चात्ताप झालेला तो बाप एकदा पाहिला असेल, दारातली आई मात्र त्याने हजार वेळा पाहिलेली आहे.

2014 मध्ये एअरटेलची एक जाहिरात आली होती. बायको नवऱ्याची वरिष्ठ असते, त्याला उशिरापर्यंत थांबून काम संपवायला सांगते आणि घरी जाऊन त्याच्यासाठी स्वयंपाक करते. त्या वेळी त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ वाद झाला. माझ्या दृष्टीने ती जाहिरात तिच्या कर्त्यांना वाटली त्याहून अधिक प्रामाणिक होती, कारण नोकरी करणाऱ्या बहुतेक बायकांचा दिवस तसाच संपतो. फक्त तो दिवस गोड करून दाखवायला नको होता.

याउलट कॅडबरीने 2021 मध्ये जे केले, ते मला सर्वांत उजवे वाटते. 1994 च्या त्यांच्या गाजलेल्या जाहिरातीत फलंदाजाच्या फटक्यानंतर एक मुलगी नाचत मैदानात धावत जाते. 2021 मध्ये तोच प्रसंग तसाच ठेवून फलंदाज मुलगी झाली आणि नाचत धावणारा मुलगा झाला. कोणी कोणाला उपदेश केला नाही, समानता हा शब्दही आला नाही. कामाच्या वस्तूंच्या जाहिराती अशा कधी होतील, याची मी वाट पाहत आहे. पुरुष मशीन लावत आहे, त्याबद्दल कोणी टाळ्या वाजवत नाही, बायको त्याच्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहत नाही, आणि विषय फक्त डाग निघाला की नाही एवढाच आहे, अशी जाहिरात मला हवी आहे. हल्ली पुरुष घरकाम करताना दिसतो तेव्हा बहुतेक वेळा तो 'मदत' करत असतो, आणि मदत हा शब्द आला की काम मूळचे कोणाचे, हे ठरूनच जाते.

सरकारच्या वेळ वापर सर्वेक्षणाचे आकडे या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. 2019 मध्ये सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरातले विनामोबदला काम करत होत्या, त्या दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात घालवत होत्या. असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. 2024 मध्ये हेच आकडे 289 आणि 88 झाले. म्हणजे बाईची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषाचीही नऊ मिनिटे कमी झाली. बाईचे कमी झालेले काम पुरुषाने उचलले, असे या सरासरीवरून म्हणता येत नाही. या सगळ्या काळात भार वाटून घेण्याच्या जाहिराती चालूच होत्या.

नियमांचे म्हणाल, तर स्त्रियांच्या असभ्य प्रदर्शनाला प्रतिबंध करणारा कायदा 1986 पासून आहे, पण त्याचा रोख असभ्यतेवर आहे. पदर खोचून आयुष्यभर डाग घासणारी बाई त्याच्या कक्षेत येत नाही. जाहिरात क्षेत्राने 1985 मध्ये स्वतःच स्थापन केलेली, जाहिरातींवर लक्ष ठेवणारी अ‍ॅस्की (अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया) ही संस्था मुंबईत आहे. तिने जून 2022 मध्ये लिंगाधारित साचेबद्ध चित्रणाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. बाई घरकाम करताना दाखवायला त्यांत बंदी नाही. ते काम फक्त तिचेच आहे, असे सुचवणे मात्र त्यांना मान्य नाही. त्याच महिन्यात बलात्काराच्या भीतीवर विनोद करणारी शॉट या अत्तराची जाहिरात लोकांच्या संतापामुळे केंद्र सरकारने समाजमाध्यमांवरून काढायला लावली. एवढे उघड असले की सगळे जागे होतात. दारात उभ्या असलेल्या आईबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण तिच्यात कोणाला काही खटकतच नाही. अ‍ॅस्कीकडे सामान्य ग्राहकाला संकेतस्थळावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून विनाशुल्क तक्रार करता येते, ही माहिती आपण एखाद्या चौकटीत छापलीत तर उपयोग होईल.

आता थोडे आपल्या आणि माझ्या घरचे. 2022 च्या महिला दिनी फ्लिपकार्टने स्वयंपाकघरातली उपकरणे स्वस्तात देऊ करणारा संदेश ग्राहकांना पाठवला आणि टीका झाल्यावर माफी मागितली. ती बातमी वाचताना मला लाज वाटली, कारण त्याच्या आदल्याच वर्षी 8 मार्चला आपल्या स्थानिक आवृत्तीत आमच्या दुकानाची मिक्सरवरील सवलतीची जाहिरात आली होती, 'खास महिलांसाठी' या मथळ्याखाली. तो मथळा मीच लिहिला होता. त्याच अंकात वधू-वर स्तंभात 'गृहकृत्यदक्ष' वधू हवी असल्याच्या किती जाहिराती होत्या, हे मी नंतर अंक काढून मोजले. अकरा होत्या. गृहकृत्यदक्ष वर मागणारी एकही नव्हती.

त्यानंतर आम्ही दुकानात एक बदल केला. डेमोच्या वेळी दोघांनाही मशीनसमोर उभे करतो आणि पहिले बटण नवऱ्याला दाबायला सांगतो. काही जण हसतात, काही अवघडतात. पण एकदा हात लावला की बहुतेक जण पुढचे प्रश्न स्वतःच विचारू लागतात. एका निवृत्त शिक्षकांनी तर लोकरीच्या कपड्यांचा प्रोग्रॅम वहीत लिहून घेतला.

येत्या दसऱ्यासाठी आमच्या जाहिरातीचा मजकूर मी आपल्या कार्यालयाकडे पाठवला आहे. त्यात वॉशिंग मशीनजवळ एक पुरुष आणि त्याचा मुलगा यांचे छायाचित्र आहे, आणि 'गृहिणींसाठी खुशखबर' ही ओळ नाही. आपल्या जाहिरात प्रतिनिधीने परवा फोन करून ती ओळ घालायची राहून गेली का, असे आपुलकीने विचारले. ती राहून गेलेली नाही. मजकूर आहे तसाच छापावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक आणि दुकानदार,
सांगली