वेळ: टीबीडी

२ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार. आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाच्या दिवशीचा तो फोटो खरा आहे. उघड्या अंगाला आपल्या संघाचा रंग फासलेली ती दोन पोरं कॉलेजची, त्यांच्या हातातलं पातेलं मसालेभाताचं, आणि मागून नऊवारी सावरत "अरे सांभाळून" म्हणत निघालेल्या आमच्या मंडळाच्या खजिनदार काकू. तू फोनवर नुसता हसत सुटलास, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवाळीच्या कार्यक्रमाचा हॉल मी मार्चमध्येच घेतला होता. २५ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी चार. हॉल स्टेडियमपासून मैलभर. भाडं इतकं कमी का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. त्या दिवशी इथल्या विद्यापीठाच्या संघाची घरच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलची मॅच आहे (हाताने धरून पळायचा तो, आपला नव्हे), हे ठाऊक होतं. वेळापत्रकात तारीख होती, समोरचा संघ होता, फक्त वेळेच्या रकान्यात 'टीबीडी', म्हणजे मागाहून कळवू.

हे 'मागाहून' विद्यापीठाच्या हातात नसतं. हंगामाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या वेळा उन्हाळ्याआधीच कळतात. पुढच्या मॅचेसचं बहुतेक असं, की शनिवारच्या बारा दिवस आधी, म्हणजे सोमवारी, टीव्ही चॅनेलवाले आपापली मॅच उचलतात. कुणी आधी निवडायचं याचे क्रम करारातच लागलेले असतात. एका मॅचला साधारण साडेतीन तास लागतात, म्हणून अमेरिकेच्या पूर्वेकडच्या घड्याळाने दुपारी बारा, साडेतीन आणि संध्याकाळी सात-साडेसात असे तीन मुख्य खण. आणि बारा दिवसांतही मन ठरलं नाही, तर काही मॅचेस सहा दिवसांपर्यंत राखून ठेवायची मुभा. आदल्या शनिवारी कोण हरलं ते बघायचं आणि मग आपला घोडा निवडायचा.

आमची मॅच या सहा दिवसवाल्यांत गेली. तेराला सोमवारी काही कळलं नाही. एकोणीसच्या रविवारी रांगोळीचे रंग मोजत बसलो होतो, तेव्हा फोनवर आलं: साडेतीन. म्हणजे आमचे पाहुणे यायच्या वेळी रस्ते बंद आणि आसपासच्या अंगणांतसुद्धा पार्किंगचे पन्नास डॉलर! तबलजी रविवारी सकाळच्या विमानाने परत जाणार, त्यामुळे दिवस हलवता येईना. शेवटी गाड्या दीड मैल लांब लावल्या आणि फराळ, तबला, पातेलं, सगळं त्या गर्दीतून चालत आणलं. पोरांनी आपण होऊन हात लावला. मोबदल्यात चकल्या मागितल्या.

पूर्वी असं नव्हतं. एनसीएए ही विद्यापीठांच्या खेळांची मध्यवर्ती संस्था टीव्हीवर किती मॅचेस दिसायच्या ते ठरवायची. दोन वर्षांत एका संघाला फार तर सहा वेळा. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाची विद्यापीठं कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा निकाल देऊन ती मक्तेदारी मोडली. विरोधात गेलेल्या दोघांतले न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कॉलेजात नावाजलेले फुटबॉलपटू होते. मला तो माणूस आवडतो. विद्यापीठांना आपापलं प्रक्षेपण विकायची मोकळीक मिळाली आणि विकता विकता घड्याळही विकलं गेलं. बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने २०२३ पासूनच्या सात वर्षांसाठी फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या चॅनेलांशी करार केला, सात अब्ज डॉलरच्या वर. एवढं घेतल्यावर बारा वाजता नको, हे म्हणणार कोण?

बाराचा खण एकेकाळी दुय्यम समजला जायचा. दुपारी आणि रात्री इतर चॅनेलांच्या मोठ्या मॅचेस असायच्या. २०१९ मध्ये फॉक्सने शक्कल लढवली, की तिथे धक्काबुक्की करण्यापेक्षा आपली सर्वांत चांगली मॅच बारालाच लावायची. चालली की! पण जसजसं पश्चिमेला जावं तसतसे ते बारा सकाळकडे सरकतात. कोलोराडो विद्यापीठाचंच बघ. ९ सप्टेंबर २०२३ ला नेब्रास्काविरुद्धची मॅच फॉक्सने लावली, त्यांच्या बोल्डर गावी सकाळी दहाला. पुढच्याच शनिवारी त्याच मैदानावर कोलोराडो स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाशी मॅच, ईएसपीएन चॅनेलवर, रात्री आठला. ती दोनदा जादा वेळेत गेली आणि संपली तेव्हा पूर्वेकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. तरी सरासरी ९३ लाख लोक जागे. चॅनेलवाल्यांना दोष द्यावा, तर ते तो आकडा दाखवतात.

मीही एकदा आत जाऊन मॅच पाहिली. खेळ थांबला की लाल टोपी घातलेला एक माणूस मैदानात येऊन उभा राहतो. जाहिराती चालू आहेत, ही त्याची खूण. तो बाजूला होईपर्यंत बावीस खेळाडू, पंच आणि एवढं मोठं स्टेडियम थंडीत हात चोळत थांबतं. तुमच्या कुस्तीच्या मैदानावर पोस्टरला दुपारी दोन लिहून दिवेलागणीला जोड लावतात, पण निदान शिव्या द्यायला पाटील समोर बसलेले असतात. इथे कुणाला द्यायच्या?

पुढच्या वर्षी ज्या शनिवारी संघ बाहेरगावी, तोच दिवस धरायचा असं ठरलंय. काकूंचं मात्र म्हणणं, की मॅच असू दे, पोरं कामाची आहेत.

आज इथली घड्याळं एक तास मागे गेली. आता तुझ्या-माझ्यात साडेदहा तास. फोन करताना तेवढं लक्षात ठेव, गेल्या वर्षी पहाटे साडेचारला उठवलं होतंस. आणि येणाऱ्या कुणाबरोबर चकलीचा पितळी सोऱ्या पाठव. आमचा त्या गर्दीत कुठे पडला, सापडलाच नाही.

आईंना नमस्कार.

तुझा,
नंद्या