घड्याळ छापलंत, ताटही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सोळा तासांच्या उपासावरचा लेख वाचला. शेजारी भलंमोठं घड्याळ छापलं होतं, आठ तासांचा तुकडा हिरवा, बाकीचा लाल. खाली वजनकाटा. लेख वाईट नव्हता. पण मी कोथरूडमध्ये गेली २१ वर्षं जेवणाचे डबे देते आणि हे सोळा-आठ स्वतः सात महिने केलं आहे. त्या पानावर मला काय हवं होतं, तेवढं कळवते.

सुरुवात आमटीतल्या केसापासून करावी लागेल. माझ्या डब्यात केस निघाल्याची तक्रार कधी आली नव्हती. ओट्यापाशी जाताना डोक्याला रुमाल बांधायचा हा सासूबाईंचा नियम, पोळ्या लाटायला येणाऱ्या दोघींनाही तोच. तरी गेल्या दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवला : वाटीत आमटी आणि वर लांब, अर्धा पांढरा केस. पोळ्या लाटणाऱ्या दोघी पोरसवदा, केस काळेभोर. म्हणजे माझाच. खरं तर गणपतीपासूनच न्हाणीघराच्या जाळीवर रोज पुंजका साठत होता, वेणी करंगळीएवढी झाली होती. पण माझं लक्ष काट्यावर. ७१ किलोवरून ६२ वर आले होते, गुढीपाडव्याला न होणारं पोलकं आता ढगळ होत होतं. केसांकडे कोण बघतंय?

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या आम्ही पाचजणींनी सुरू केलं. दुपारी बारा ते रात्री आठ खायचं, बाकी वेळ पाणी. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तेव्हा मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. माझी मुलगी बी.फार्म. आहे, तिने तेव्हाच सांगितलं होतं की आई, ही चरबी नाही, पाणी आहे. यकृतात आणि स्नायूंत शरीर थोडी साखर साठवून ठेवतं, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी ती साखर वापरली जाते आणि पाणी निघून जातं. मला ते पटलं नव्हतं.

पुढचं वजन मात्र बरंचसं चरबीचं होतं, आणि ते कशामुळे गेलं याचा हिशेब आम्ही मायलेकींनी नंतर डब्यांच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. सकाळचे साखरेचे दोन चहा, त्याबरोबर चार खारी, रात्री दहाला हिशेब लिहिताना डब्यातून मूठमूठ चिवडा. हे सगळं त्या लाल तुकड्यात गेलं आणि बंद झालं. रोजचे किमान ४०० उष्मांक. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० उष्मांक, म्हणजे १९ दिवसांना एक किलो. सात महिन्यांचे अकरा व्हायला हवे होते, नऊ झाले, त्यातलेही पहिले दोन पाण्याचे. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो, त्यामुळे शेवटी काटा रेंगाळतो.

म्हणजे करामत घड्याळाची नव्हती, खारीची होती. मुलीने मला दोन अभ्यास वाचून दाखवले. चीनमध्ये ग्वांगझोला १३९ लठ्ठ माणसांना वर्षभर सारखेच मोजके उष्मांक दिले. निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार यातच खायचे, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. २०२२ साली निकाल छापून आला : वेळ पाळणाऱ्यांचे सरासरी ८ किलो गेले, न पाळणाऱ्यांचे ६.३, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो असं संशोधकांनीच म्हटलं. दुसरा अमेरिकेतला, २०२० चा, ११६ जणांचा, बारा आठवड्यांचा. त्यांची वेळ अगदी माझीच, दुपारी बारा ते रात्री आठ. काय खा, किती खा, काही सांगितलं नव्हतं. सरासरी एक किलोही उतरलं नाही. आणि त्यातल्या ज्यांची शरीराची मोजमापं घेतली, त्यांच्या उतरलेल्या वजनातला मोठा वाटा चरबीचा नव्हताच. स्नायू झिजले होते.

हे ऐकलं आणि मला कुकर आठवला. माझा मोठा कुकर बावीस लिटरचा. तो मी एकटी शेगडीवरून उतरवते, कुणाला हात लावू देत नाही. नवरात्रात एका सकाळी उतरवताना मनगटं थरथरली आणि कुकर कडाप्प्यावर आपटला. तेव्हा मी दोष पकडीच्या फडक्याला दिला होता.

केसाच्या फोटोनंतर आमच्या डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन ९.४, बी-१२ पार तळाला. त्यांनी उपास बंद करा असं म्हटलं नाही. एवढंच विचारलं, ‘काय काय सोडलंत?’ मी चहा-खारी-चिवडा सांगितला. ‘आणखी?’ मग आठवायला लागले. सकाळी साडेसातला कपभर दूध आणि एक उकडलेलं अंडं, पाचला मूठभर शेंगदाणे. तेही त्या लाल तुकड्यात, नाहीतर कामाच्या गडबडीत गेलं होतं, आणि ते दुसऱ्या कुठल्या वेळेला मी घेतलंच नव्हतं. दूध ६ ग्रॅम प्रथिनं, अंडं ६, दाणे ७. एकोणीस ग्रॅम रोजचे गायब. उरलं काय? तीन पोळ्यांचे ९, पातळ आमटीचे ३, भाजी, भात, ताक धरून आणखी दहा. २२. माझ्या वजनाला रोज पन्नासेक ग्रॅम लागतात. दुसऱ्यांना उसळी रांधून घालणारी बाई स्वतः निम्म्याहून कमी प्रथिनांवर कुकर उचलत होती. बी-१२ बद्दल डॉक्टर म्हणाले, ते सात महिन्यांत संपत नाही, यकृतात वर्षानुवर्षांचा साठा असतो. तुमचा आधीच आटलेला असणार, दूध-अंडं बंद करून होती ती धारही तुम्ही तोडलीत. रक्ताचं तर काय सांगावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका पांडुरोगी निघाल्या. अशा शंभर जणींना नुसतं घड्याळ हातात दिलं तर पुढे काय होईल?

माझ्या गिऱ्हाइकांत गेल्या वर्षभरात अकरा जणांनी रात्रीचा डबा बंद केला. धंद्याच्या दृष्टीने मला हे आवडलं नाही, हे कबूल करते, म्हणजे माझं म्हणणं तेवढं सोडून वाचता येईल. पण परत आलेले डबे मीच धुवायला उघडते. दुपारच्या एकाच डब्यावर आलेली माणसं पोळी संपवतात, बटाट्याची भाजी संपवतात, आणि मटकीची उसळ तशीच परत येते, वर तेलाचा साय धरल्यासारखा थर. ‘कार्ब नको’ म्हणून भात बंद केला की वरणही जातं, कारण वरण कशाशी खायचं? एक आजोबा आहेत, मधुमेहाची गोळी चालू, व्हिडिओ बघून स्वतःच दोनदा जेवायला लागले. साडेदहाला आमचा डबेवाला मुलगा गेला तर दारात घामाने चिंब, बोलणं अडखळत. पोराने शहाणपणा केला, साखर-पाणी पाजलं. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय उपाशी राहू नये, हे वाक्य आपल्या लेखात शेवटच्या ओळीत, बारीक टाइपात होतं.

आपल्याकडे दोन वेळा जेवण्याची कल्पना काही परकी नाही. कै. डॉ. श्रीकांत जिचकारांनी ती मांडली, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी नेली, आणि अनेकांना तिचा फायदा झालेला मी पाहिला आहे. पण त्यांचं ऐकलेल्यांपैकी ‘५५ मिनिटं’ (तेवढ्यात जेवण उरकायचं) सगळ्यांना पाठ, जेवणात मोड आलेल्या कडधान्याची वाटीही सांगितली आहे हे मी विचारल्यावर आठवतं. सासूबाई चातुर्मासात एकभुक्त राहायच्या. त्यांचं ते एक जेवण मी वाढत असे : घट्ट वरणाची मोठी वाटी, पालेभाजीत हरभऱ्याची डाळ आणि दाणे, विरजणाचं ताक दोन भांडी. एकादशीला मात्र त्याच बाई साबुदाण्यावर असत. वाटीभर साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य, खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. आताची मुलं उपासाच्या नावाखाली एकादशीच रोज करतात, फक्त साबुदाण्याऐवजी टोस्ट आणि काळी कॉफी.

मी उपास सोडलेला नाही. सकाळी साडेनऊला दूध-अंडं, दुपारी एकला जेवण, संध्याकाळी सातला दुसरं, मग काही नाही. लोहाची गोळी आणि बी-१२ ची इंजेक्शनं झाली. वजन ६४ वर थांबलं आहे, केस कानाजवळ बारीक बारीक उगवत आहेत, उभे राहतात, वाईट दिसतात. एकच डबा घेणाऱ्यांसाठी जानेवारीपासून वेगळा डबा भरते : पोळ्या दोनच, उसळ दीडपट, वरण चमचा उभा राहील इतकं घट्ट, दह्याची वाटी, ज्यांना चालतं त्यांना अंडं. दर दहा रुपयांनी वाढवला तर तिघांनी कुरकुर केली, त्यातला एक रोज दीडशे रुपयांची कॉफी पितो. उसळ परत आली की मी फोन करते.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी घड्याळ अर्ध्या आकाराचं छापा आणि उरलेल्या जागेत दोन ताटं छापा, वाट्यांसकट. हवं तर मी वाढून देते, आपला फोटोग्राफर पाठवा, फक्त साडेअकराच्या आत, नंतर डबे निघतात.

नाव छापू नये. केसाचा किस्सा बाकी गिऱ्हाइकांना माहीत नाही.

– एक वाचक, कोथरूड, पुणे