थुंकी नव्हे, बेडका!

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला क्षयरोगावरचा पानभर लेख वाचला. एम७२ लशीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांपासून एक्स-रे वाचणाऱ्या एआयपर्यंत सगळं जग त्यात आलं, आनंद आहे. हे पत्र मात्र चौकटीतल्या 'थुंकीची तपासणी' या दोन शब्दांबद्दल आहे.

थुंकी तोंडातली, बेडका छातीतला. आमच्याकडे त्याला खकार म्हणतात. क्षयाचे जंतू शोधायचे ते खकारात. तुम्हाला हा शब्दांचा कीस वाटेल, पण नळी हातात देऊन 'यात थुंका' म्हटलं की माणूस थुंकतोच, त्याचं काय चुकलं? लॅबमध्ये पांढरं फेसाळ पाणी पोचतं, अहवाल 'जंतू आढळले नाहीत' असा येतो आणि तो खोकत खोकत परत कापूस वेचायला जातो.

मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलीलीटरमध्ये ते साधारण १० हजार लागतात, सीबीनॅट या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या यंत्राला सुमारे १३० पुरतात. त्याच कामाचं, गोव्यात बनलेलं ट्रूनॅट यंत्र तर बॅटरीवर चालतं, म्हणजे भारनियमनाचीही सबब नाही. पण नळीत नुसती लाळ असेल तर ते १३० तरी आणायचे कुठून?

नमुना घ्यायला पाच मिनिटं पुरतात, पण ती पाच मिनिटं कुणी देत नाही. आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लावा. इकडे तोंडात खर्रा असतो, सुपारीचा चुरा थेट नमुन्यात उतरतो. मग मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब उभं करा. दोन-तीनदा खोल श्वास, जरा रोखायचा आणि पोटापासून खोकायचं. नळी ओठांना लावून २ ते ५ मिलीलीटर घट्ट, चिकट खकार घ्यायचा. पाण्यासारखा असेल तर तिथेच पुन्हा खोकायला लावायचं. दुसरा नमुना सकाळी उठल्याउठल्याचा, रात्रभर साचलेला असतो म्हणून. नाव-नंबर नळीच्या अंगावर लिहायचा, झाकणावर नाही. चार नळ्या एकदम उघडल्या की झाकणं बदलतात आणि एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर चढतो.

आता आपला उन्हाळा. शनिवारी घेतलेली नळी सोमवारच्या एसटीची वाट बघत ४५ अंशांत टेबलावर पडली, की इतर जंतू फोफावतात आणि कल्चर, म्हणजे क्षयाचे जंतू वाढवून बघायची तपासणी, बिघडतं. म्हणून बर्फाचे पॅक घातलेला डबा हवा. झाकण सैल राहिलं तर नळी वाटेतच गळते, मग पुन्हा नमुना, पुन्हा एक मजुरी बुडाली. लेखात ज्या सहा महिन्यांच्या बीपाल्म या औषधोपचाराचं कौतुक आहे, ती औषधं सुरू करायला जंतू रिफाम्पिसिन या क्षयाच्या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत हे आधी कळावं लागतं. ते कळतं याच नळीतून.

भिंतीभिंतीवर 'टीबी हारेगा, देश जीतेगा' रंगवलंय. त्याच रंगात शेजारी 'खोल श्वास घ्या, छातीतून खोका' एवढं मराठीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत पोषण किट घेणाऱ्या बाईंचा चेहरा स्पष्ट दिसतो, खाली गावाचं नावही आहे. किट देणारे पाच जण मात्र हसतायत. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो, पण गावात एकदा 'टीबीवालं घर' झालं की लेकीच्या सोयरिकीपर्यंत ते पुरतं. छापील अंक तर वाटून झाला. निदान ऑनलाइन आवृत्तीतून तो फोटो आजच काढावा.

— एक वाचक, ता. केळापूर, जि. यवतमाळ